नॅनो खतं आणि रोपांची वाढ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोपवाटिकेत नॅनो खत वापरावं का, असं विचारलं की दोन टोकांची उत्तरं मिळतात. एकाच्या मते एका बाटलीत अख्खं पोतं मावतं, दुसऱ्याच्या मते हे सगळं थोतांड आहे. दोघांनीही बहुतेक वेळा तीन ट्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिलेले नसतात. एकाला नुसतं पाणी, दुसऱ्याला साधं खत, तिसऱ्याला नॅनो खत. हे तीन ट्रे डोळ्यांसमोर ठेवूनच पुढची उत्तरं लिहिली आहेत.

नॅनो खत म्हणजे नेमकं काय?

ज्या कणाची लांबी, रुंदी किंवा जाडी यांपैकी निदान एक माप १ ते १०० नॅनोमीटरच्या आत बसतं, तो नॅनो कण. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या डोक्यावरचा एक केस साधारण ८०,००० ते १,००,००० नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज यावा.

या नावाखाली वेगवेगळ्या वस्तू येतात. काहींमध्ये अन्नद्रव्यच बारीक कणांच्या रूपात असतं, उदाहरणार्थ झिंक ऑक्साइड किंवा आयर्न ऑक्साइड. काहींमध्ये अन्नद्रव्य दुसऱ्या एखाद्या बारीक कणावर बसवलेलं असतं. हायड्रॉक्सिअपॅटाइट (हाडांत असतं तसं कॅल्शियम-फॉस्फेट), कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून केलेला पदार्थ), झिओलाइट (सच्छिद्र खनिज) हे असे वाहक. काहींमध्ये नेहमीच्याच खताच्या दाण्यावर नॅनो पदार्थाचं आवरण असतं. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा कार्बनच्या नळ्या वनस्पतीचं अन्नच नाहीत, तरी त्याही कधी कधी ‘खत’ म्हणून मांडल्या जातात. त्यांना उत्तेजक म्हणावं, खत म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नावातच गोंधळ झाला की मात्रेतही होतो.

कण लहान केला म्हणून असा काय फरक पडतो?

पृष्ठभाग वाढतो. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. तोच घन १० नॅनोमीटर बाजूच्या तुकड्यांत कापला तर सगळ्या तुकड्यांचा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. माल तेवढाच राहतो, पण पाण्याला आणि मुळाला भिडणारी बाजू दहा लाख पटींनी वाढते.

झिंक ऑक्साइड पाण्यात फारच कमी विरघळतं. कण बारीक असला की ते लवकर विरघळतं. मूळ आपल्याभोवती आम्लं सोडतं, तिथे हा वेग आणखी वाढतो. त्यामुळे नॅनो झिंकचा बराचसा परिणाम हा हळूहळू सुटत राहणाऱ्या जस्ताचाच असतो. झिंक सल्फेट दिलं की सगळं जस्त एकदम पाण्यात येतं, नॅनो झिंक ते थोडं थोडं सोडतं. नाजूक मुळीच्या दृष्टीने हा फरक खरा आहे, आणि त्यात जादू काही नाही.

बी रुजत असताना त्याला बाहेरच्या खताची गरज तरी असते का?

पहिल्या काही दिवसांत फारशी नसते. बी आपली शिदोरी बरोबर घेऊनच येतं. बियातल्या स्फुरदाचा साधारण ६० ते ८० टक्के भाग फायटिक आम्लाच्या रूपात साठवलेला असतो. त्याच्याबरोबर पोटॅश, मॅग्नेशियम, लोह, जस्त हेही बांधलेलं असतं. ओलावा मिळाला की विकरं हा साठा फोडून कोंबाला पुरवतात.

अडचण येते ती पुढे. शिदोरी संपत आलेली असते आणि पांढरी मुळी अजून पुरेशी पसरलेली नसते. ट्रेच्या एका कप्प्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असतं मूठभरही नाही, आणि त्यात मुळात अन्नद्रव्यं कमीच. अशा वेळी जस्त कमी पडलं तर रोप तिथेच थांबतं. वाढीचं संप्रेरक ऑक्झिन तयार होण्यात जस्ताचा हात असतो, म्हणून पेरं आखूड राहतात आणि पानं बारीक येतात. लोह कमी पडलं तर कोवळी पानं शिरा सोडून पिवळी पडतात, ज्याला आपण केवडा म्हणतो.

जे अन्नद्रव्य सर्वांत कमी पडतं तेच वाढीची मर्यादा ठरवतं, हा नियम जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगच्या नावाने ओळखला जातो, पण तो त्याआधी १८२८ मध्ये श्प्रेंगेल या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने मांडला होता. रोपवाटिकेत तो फार लवकर प्रत्ययाला येतो. कमी असलेली वस्तू दिली तर नॅनो खत दिसेल असं काम करतं. कमी नसलेली दिली तर ट्रेमध्ये काहीच बदल दिसत नाही, आणि मग खताला दोष दिला जातो.

हे कण रोपाच्या आत शिरतात कसे?

पानावर पर्णरंध्रं ही मुख्य वाट. घेवडावर्गीय बाकला पिकाच्या पानांवर झालेला २००८ मधला एक प्रयोग यासाठी महत्त्वाचा आहे. ४३ नॅनोमीटरचे कण पर्णरंध्रांतून आत गेले, १.१ मायक्रोमीटरचे गेले नाहीत. म्हणजे आकाराला खरोखर अर्थ आहे.

मुळाकडून वाट अवघड आहे. पेशीभित्तिकेची छिद्रं साधारण काही नॅनोमीटर ते २० नॅनोमीटरपर्यंतची. त्यापलीकडे मुळाच्या आतल्या थरात कॅस्पेरियन पट्टी नावाचं मेणचट कुंपण असतं. मुळीचं टोक आणि जिथून उपमुळं फुटतात त्या जागा, एवढीच कुंपणातली फट. म्हणून बहुतेक कण मुळाबाहेरच विरघळतात आणि अन्नद्रव्य नेहमीच्याच आयन रूपात आत जातं. सोयाबीनवरच्या २०१३ च्या एका अभ्यासात झिंक ऑक्साइडचे कण मातीत मिसळले होते. दाण्यात झिंक ऑक्साइड सापडलं नाही, जस्त सायट्रेटसारख्या रूपात आढळलं. ‘कण थेट पेशीत जातो’ असं कुणी सांगितलं तर कोणता कण, किती मोठा आणि कोणत्या वाटेने, असं विचारावं.

रोपांवर याचा उपयोग झाल्याचं खरंच दिसलं आहे का?

हो. भुईमुगाच्या बियांवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात सुमारे २५ नॅनोमीटरचं झिंक ऑक्साइड १,००० पीपीएमला (लिटरला १,००० मिलिग्रॅम) वापरल्यावर उगवण आणि रोपांचा जोम दोन्ही सुधारले. २००९ मध्ये टोमॅटोच्या बियांवर कार्बनच्या नळ्या वापरल्या गेल्या. त्या बीजावरणातून आत गेल्या आणि उगवण वेगाने झाली. टोमॅटोवरच नॅनो सिलिकाचा चांगला परिणाम २०१४ मध्ये नोंदला गेला. त्याच वर्षी ओहायो स्टेट विद्यापीठातल्या लिउ आणि लाल यांनी सोयाबीनला अपॅटाइटचे नॅनो कण स्फुरद म्हणून दिले. नेहमीच्या स्फुरद खताच्या तुलनेत वाढीचा वेग ३३ टक्क्यांनी आणि दाण्यांचं उत्पादन २० टक्क्यांनी जास्त मिळालं. ते सगळं हरितगृहात होतं, ही गोष्ट मात्र विसरू नये.

या सगळ्यावर एकत्र नजर टाकणारा आढावा २०१८ मध्ये ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात आला. नेहमीच्या खतांपेक्षा नॅनो खतं किती सरस ठरली, याचा मध्यक (निम्मे निकाल त्याच्या खाली, निम्मे वर) त्यांच्या प्रकारानुसार १८ ते २९ टक्के निघाला. आकडा चांगला आहे. पण शेतात, खऱ्या परिस्थितीत झालेले प्रयोग फार थोडे आहेत, हेही त्याच आढाव्याने बजावलं. कुणी दुपटीची गोष्ट सांगितली तर हा आकडा आठवावा.

मात्रा किती घ्यायची?

सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

वर सांगितलेल्या भुईमुगाच्या कामात १,००० पीपीएमला फायदा झाला आणि २,००० पीपीएमला तोटा. दुसरीकडे २००७ मधल्या एका गाजलेल्या अभ्यासात बियांना आणि मुळांना नॅनो झिंक ऑक्साइडच्या द्रावणातच ठेवलं होतं. तिथे मुळा या भाजीच्या मुळांची वाढ लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपासच निम्म्यावर आली, आणि रेप (मोहरीवर्गीय तेलबी) व रायग्रास (चाऱ्याचं गवत) यांची तर २० च्या आसपास. दोन्ही आकडे खरे आहेत. भुईमुगाचं बी मोठं, त्याला औषध लागलं थोडा वेळ. मुळ्याचं बी बारीक, त्याची उघडी मुळी दिवसचे दिवस त्याच पाण्यात. म्हणून मात्रा ही नुसत्या आकड्याने ठरत नाही. बियाचा आकार, संपर्काचा वेळ आणि मुळी उघडी आहे की नाही, हे तिन्ही बघावं लागतं.

माझा शिरस्ता असा. उघड्या मुळीला लिटरला १० मिलिग्रॅमपासून सुरुवात. रुजण्यापूर्वी बी भिजवायचं असेल तर ५० पासून. बियांचा आणि ट्रेचा एक छोटा भाग त्यावर लावून पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

हिशोबही एकदा करून ठेवा. पीपीएम म्हणजे लिटरमध्ये तेवढे मिलिग्रॅम. ५० पीपीएमचं एक लिटर करायला ५० मिलिग्रॅम झिंक ऑक्साइड लागतं, आणि त्यात सुमारे ८० टक्के, म्हणजे ४० मिलिग्रॅम जस्त असतं. बाटलीवर ‘जस्त २ टक्के’ (म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये २ ग्रॅम) लिहिलं असेल तर प्रत्येक मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम जस्त, म्हणून ४० मिलिग्रॅमसाठी २ मिलिलिटर. तेवढंच जस्त २१ टक्क्यांच्या झिंक सल्फेटमधून द्यायचं तर साधारण १९० मिलिग्रॅम. हा शेवटचा आकडा जपून ठेवा, चाचणी घेताना तो लागेल.

बीजप्रक्रिया, आळवणी की फवारणी?

मला बीजप्रक्रिया सर्वांत पटते. मात्रा अगदी थोडी लागते, ती नेमकी बियाला मिळते आणि मातीत काही सांडत नाही. बी द्रावणात भिजवायचं, पण मूळ फुटायच्या आत बाहेर काढायचं. मग सावलीत पसरून मूळच्या वजनाजवळ येईपर्यंत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. सुकवताना घाई करून उन्हात टाकलं तर केलेलं सगळं वाया जातं.

सोयाबीन आणि भुईमूग मात्र असे भिजवत ठेवू नयेत. पाणी पटकन शोषून त्यांचं साल फाटतं, पाकळ्या सुटतात. त्यांना थोड्याशा द्रावणाचा हलका लेप पुरे.

आळवणी, म्हणजे मुळाशी द्रावण ओतणं, करायची तर पहिलं खरं पान आल्यावर. ट्रेचं माध्यम आधी साध्या पाण्याने ओलं करून घ्यावं. फवारणी दोन-तीन खरी पानं आल्यावर, सकाळी लवकर, पान पुसटसं ओलं होईल एवढीच. बीजदलांवर फवारून उपयोग नाही, ती लवकरच गळणार असतात.

बाटली न हलवता वापरली तर?

नॅनो कणांना एकमेकांना चिकटायची ओढ असते. त्यांच्यावरचा विद्युतभार त्यांना दूर ठेवतो. पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतील, तर हा भार झाकला जातो आणि कण गोळा होऊन तळाशी बसतात. त्यानंतर तुमच्या हातात नॅनो खत राहत नाही, साका राहतो.

एकदा माझ्या हातून हेच झालं होतं. बादलीत द्रावण करून ठेवलं आणि मधेच दुसऱ्या कामाला गेलो. परत आल्यावर न ढवळता झारी भरत गेलो. पाच दिवसांनी ट्रेकडे पाहिलं तर पहिल्या रांगा नुसतं पाणी दिल्यासारख्या होत्या. बादलीच्या तळातलं द्रावण मिळालेल्या शेवटच्या दोन रांगांत पानांच्या कडा करपलेल्या. एक रोप कप्प्यातून अलगद उपसून बघितलं. मुळीचं टोक पांढरं असायला हवं होतं, ते तपकिरी आणि बोथट झालं होतं, आणि टोकाच्या वर केशमुळांची पांढरी लव जवळपास नव्हतीच. बादलीच्या तळाला बोट लावलं तर पिठूळ पांढरा थर हाताला आला.

तेव्हापासून द्रावण पावसाच्या किंवा क्षार काढलेल्या पाण्यात करतो, लागेल तेवढंच करतो, आणि दर झारीला ढवळतो.

बुरशीनाशक किंवा जिवाणू खतं यांच्याबरोबर मिसळलं तर चालतं का?

एकत्र मिसळू नका. क्षारयुक्त किंवा आम्लधर्मी औषधं कणांचा भार बिघडवतात आणि द्रावण फाटतं. जिवाणू खताची गोष्ट तर जास्त नाजूक आहे. चांदी, तांबे आणि जस्ताचे नॅनो कण जिवाणूंना मारू शकतात, याच गुणामुळे ते जंतुनाशक म्हणून वापरले जातात. रायझोबियम (शेंगवर्गीय पिकाच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू) लावलेल्या बियाला त्याच दिवशी नॅनो जस्ताचा लेप देणं म्हणजे पाहुण्याला बोलावून दार लावून घेणं. शेंगवर्गीय पिकात जिवाणू आधी स्थिरावू द्या. नॅनो सूक्ष्म अन्नद्रव्य हवंच असेल तर नंतर पानावर द्या.

नॅनो युरिया दिला तर युरियाचं पोतं बंद करता येईल का?

नाही. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४ टक्के नत्र असेल तर एकूण नत्र २० ग्रॅम. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात ४६ टक्क्यांनी २०.७ किलो. फरक हजारपटींहून जास्त आहे. कार्यक्षमता कितीही वाढली तरी पिकाने उचललेलं नत्र कुठून तरी यावंच लागतं.

शिवाय युरिया पाण्यात पूर्ण विरघळतो. विरघळलेल्या युरियात कण नसतो, सुटे रेणू असतात, आणि असा रेणू एका नॅनोमीटरहूनही लहान असतो. म्हणून युरियाला खऱ्या अर्थाने नॅनो करायचं तर तो कशावर तरी बांधावा लागतो. श्रीलंकेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये तेच केलं. हायड्रॉक्सिअपॅटाइटच्या नॅनो कणांवर युरिया बसवला, एक भाग कणांना सहा भाग युरिया या प्रमाणात, जेणेकरून तो सावकाश सुटावा. ती वेगळी वस्तू आहे, आणि मला ती आशादायक वाटते. रोपवाटिकेत नत्राची गरजच थोडी असते, म्हणून तिथे फवारणीतलं थोडं नत्र रोपाला हिरवं करून जातं. तेवढ्यावरून शेतातल्या पिकाचा हिशोब बांधू नये.

लेबलवर ‘नॅनो’ आहे, पण आत खरंच नॅनो आहे का, हे कसं ओळखायचं?

कणाचा आकार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने किंवा प्रकाशाच्या विखुरण्यावरून प्रयोगशाळेतच मोजतात. घरी एक अर्धवट पण उपयोगी तपासणी होते. स्वच्छ काचेच्या पेल्यात द्रावण खूप पातळ करा आणि अंधारात बाजूने लेझरचा किरण सोडा, डोळा त्याच्या रेषेत न आणता. पूर्ण विरघळलेल्या झिंक सल्फेटमध्ये किरण जवळपास दिसत नाही. बारीक कण तरंगत असतील तर किरणाची रेघ उजळून उठते. यावरून कण आहेत एवढंच कळतं, ते नॅनो आहेत की नाही हे कळत नाही. रात्रभर ठेवून सगळं तळाशी बसलं, तर मात्र समजून जा.

लेबलवर अन्नद्रव्याची टक्केवारी, कणाचा आकार, उत्पादनाची तारीख आणि स्थिर ठेवणाऱ्या पदार्थाचं नाव असावं. टक्केवारीच लिहिलेली नसेल तर मी ती बाटली घेत नाही.

स्वतःची चाचणी कशी घ्यायची?

कागदी गुंडाळीची पद्धत सोपी आहे. उगवण तपासायचा जाड कागद ओला करा, त्यावर ५० बिया एका रांगेत मांडा, वर दुसरा ओला कागद ठेवून सैल गुंडाळी करा आणि पाण्याच्या भांड्यात उभी ठेवा. बिया मांडण्याआधी भिजवून घ्या, एका गुंडाळीच्या साध्या पाण्यात, एकीच्या झिंक सल्फेटमध्ये, एकीच्या नॅनो झिंकमध्ये. जस्त दोन्हींत सारखंच ठेवायचं, वरचा १९० मिलिग्रॅमचा आकडा त्यासाठीच. प्रत्येकाच्या निदान तीन गुंडाळ्या हव्यात, नाहीतर योगायोगालाच परिणाम समजून बसाल.

सातव्या-आठव्या दिवशी उघडा. उगवणीची टक्केवारी गुणिले रोपाची सरासरी लांबी सेंटिमीटरमध्ये, हा जोम निर्देशांक. ही पद्धत १९७३ पासून वापरात आहे. समजा, पाण्यात ८८ टक्के उगवण आणि ११ सेंटिमीटर लांबी आली, तर निर्देशांक ९६८. नॅनोचा ९० गुणिले १२.५, म्हणजे १,१२५. सल्फेटचा ९० गुणिले १२.४, म्हणजे १,११६. पाण्याशी तुलना केली तर नॅनो खत जिंकलं. सल्फेटशी केली तर जस्त जिंकलं, कणाच्या आकाराने काही विशेष केलं नाही. तिसरी गुंडाळी नसती तर ही गोष्ट तुम्हाला कळलीच नसती.

लांबी मोजताना मुळीचं टोकही बघा. लांब पण पांगळी, केशमुळं नसलेली मुळी शेतात टिकत नाही.

माणसाला आणि मातीला धोका किती?

द्रवरूपात धोका कमी, कोरड्या पावडरीत जास्त. हवेत उडालेले नॅनो कण फुप्फुसात खोलवर जातात. पावडर वजन करताना पंखा बंद ठेवा, एन-९५ दर्जाचा मुखपट्टा आणि हातमोजे घाला, आणि पावडर पाण्यात टाकताना हलक्या हाताने टाका.

मातीत जस्ताचा किंवा तांब्याचा साठा होत जातो, तो कुजून जात नाही. २०१२ मध्ये सोयाबीनवरच्या एका प्रयोगात सेरियम ऑक्साइडच्या कणांनी वाढ मंदावली आणि मुळांच्या गाठींतलं नत्र स्थिरीकरणही बिघडवलं. सेरियम हे खत नाही, पण प्रत्येक नॅनो कण मातीला निरुपद्रवी असतो असं नाही, एवढं त्यातून दिसतं. माती परीक्षणात जस्त पुरेसं असेल तर नॅनो जस्तही नको.

किती दिवसांत फरक दिसतो?

बीजप्रक्रियेचा उगवणीच्या वेळीच, एक-दोन दिवसांच्या पुढेमागे. केवडा पडलेल्या रोपावर फवारणीचा आठवड्याच्या आत, आणि तोही नव्या पानावर. जुनं पिवळं पान बहुधा पूर्वीसारखं हिरवं होत नाही, त्याकडे बघून पुन्हा फवारू नका.

उरलेलं द्रावण आणि रिकामी बाटली यांचं काय करायचं?

विहिरीत, नाल्यात किंवा तळ्यात ओतू नका. जलचर आणि शेवाळ यांना जस्त व तांबे फार थोड्या प्रमाणातही सोसत नाहीत. उरलेलं द्रावण भरपूर पाण्यात पातळ करून पाण्याच्या साठ्यांपासून लांब, पीक उभं असलेल्या वाफ्यात पसरून द्या. बाटली तीनदा विसळा आणि ते विसळलेलं पाणीही त्याच वाफ्यात टाका. झारी आणि बादली लगेच धुवा. तळाचा पांढरा थर वाळला की खरवडून काढावा लागतो, आणि पुढच्या वेळी तोच तुमची मात्रा बिघडवतो.